थर्सायटीसचे म्हणणे : अल्पकरिश्मा पात्र आणि श्रोत्याचे उत्तरदायित्व

१

समजा, एका टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. त्यांपैकी चौघांनी एकेक पात्र स्वीकारले आहे आणि पाचवा सूत्रधार आहे. सूत्रधाराने उभ्या केलेल्या कल्पित नगराच्या वरच्या अंगाला एक जुने मातीचे धरण आहे. चौघांपैकी एकाचे पात्र ड्वॉर्फ आहे; म्हणजे डोंगराच्या पोटात राहणाऱ्या, बांधकामात मुरलेल्या बुटक्या जमातीतले. धरणाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी आता गढूळ येऊ लागले आहे, याचा अर्थ भिंतीच्या पोटातली माती वाहून जात आहे, हे त्याने ओळखले आहे. तो नगरसभेपुढे उभा राहतो. त्याच्या वतीने खेळाडू बोलू लागतो. पुरावा क्रमाने मांडतो, शंकांची उत्तरे देतो, काय करावे लागेल तेही सांगतो. टेबलाभोवतीच्या साऱ्यांना ते पटते. मग सूत्रधार वीस पैलूंचा फासा टाकायला सांगतो. फाशावर १३ पडतात. पात्राच्या कागदावर ‘करिश्मा : ६’ अशी नोंद असल्यामुळे त्यांतून दोन वजा होतात. सभेचे मन वळवायला १२ लागणार होते. हाती ११ उरतात. सभा पुढच्या विषयाकडे वळते.

यावर खेळाडू विचारतो, की त्याचे नेमके काय चुकले? प्रश्न वरवर पाहता खेळाच्या नियमांपुरता आहे. वस्तुतः त्याच्या तळाशी साहित्यविचाराला आणि नीतिविचाराला सारखाच जवळचा असलेला एक पेच आहे. एखाद्याचे म्हणणे खरे असणे आणि ते ऐकले जाणे यांत अंतर पडते तेव्हा त्या अंतराचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, बोलणाऱ्याकडे की ऐकणाऱ्याकडे? कमी करिश्म्याचे पात्र कसे वठवावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला दिलेले प्रत्येक उत्तर हे या मोठ्या प्रश्नाला नकळत दिलेले उत्तर असते.

२

हा खेळप्रकार मराठी समीक्षेच्या परिचयाचा नसल्यामुळे त्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला आद्य खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून तो प्रसिद्ध झाला. पटावर सैन्ये हलवण्याच्या युद्धखेळांतून तो निपजला; मात्र सैन्याच्या जागी येथे एकेक व्यक्ती आली. प्रत्येक व्यक्तीला सहा गुण दिले गेले : बळ, बुद्धी, विवेक, काटकपणा, चपळाई आणि करिश्मा. मूळ पद्धतीनुसार प्रत्येक गुणासाठी सहा पैलूंचे तीन फासे टाकायचे व बेरीज मांडायची. त्यामुळे गुणांक ३ ते १८ च्या दरम्यान राहतो, सरासरी साडेदहा येते, आणि २१६ शक्यतांपैकी केवळ २० शक्यतांत तो सहा किंवा त्याहून कमी भरतो. वरच्या उदाहरणातला ड्वॉर्फ अशा नऊ-साडेनऊ टक्क्यांतला आहे.

‘करिश्मा’ या शब्दाविषयीही एक खुलासा हवा. फारसीतून आलेल्या ‘करिश्मा’चा मूळ अर्थ नखरा, कटाक्ष, पुढे चमत्कार. ग्रीक ‘कॅरिस्मा’चा अर्थ कृपेने मिळालेली देणगी. दोन्ही शब्दांची कुळे निराळी आहेत. केवळ ध्वनिसाम्यामुळे आणि अर्थाच्या जवळिकीमुळे राजकीय लिखाणात पहिला दुसऱ्याचा प्रतिशब्द होऊन बसला. हा अपघात उद्बोधक आहे. कटाक्षाला पाहणारा लागतो आणि देणगीला घेणारा लागतो. एकट्याने, निर्जन बेटावर, करिश्मा बाळगता येत नाही. बळ मात्र तेथेही बाळगता येते.

३

उरलेल्या पाच गुणांपासून करिश्मा वेगळा पडतो तो आणखी एका कारणाने. पात्राचे बळ १८ असले तरी खेळाडूला टेबल उचलून दाखवावे लागत नाही. पात्र चपळ असले तरी खेळाडू खुर्चीतच असतो. या गुणांच्या बाबतीत खेळाडू आणि पात्र यांच्यामध्ये फासा उभा असतो व तो दोघांना सुखरूप वेगळे ठेवतो. वाणीचे तसे नाही. हा खेळ घडतोच मुळी बोलण्यातून. पात्राचे शब्द खेळाडूच्याच तोंडून येतात. बोलक्या खेळाडूने करिश्मा ६ असलेले पात्र घेतले की पात्राच्या तोंडी त्याचे स्वतःचे वक्तृत्व शिरते. अबोल खेळाडूने करिश्मा १८ असलेले पात्र घेतले की नायक अडखळू लागतो.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे शंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवणे साहजिक आहे. चित्रातल्या घोड्याविषयी ‘हा घोडा आहे’ असेही ज्ञान होत नाही आणि ‘हा घोडा नाही’ असेही होत नाही. नटाच्या ठायी रामाची प्रतीती होते ती अशा विलक्षण रीतीने, असे शंकुकाचे म्हणणे अभिनवगुप्ताने नोंदवून ठेवले आहे व त्याचे खंडनही केले आहे. परंतु शंकुकाचा प्रेक्षक नटाहून वेगळा असतो आणि त्याने राम कधीच पाहिलेला नसतो. प्रस्तुत खेळात नट, प्रेक्षक आणि काही अंशी नाटककार हे तिघेही त्याच चार-पाच माणसांत वाटले गेलेले असतात. दिदेरोचा गाजलेला विरोधाभास, म्हणजे प्रेक्षकाला हेलावणारा नट स्वतः थंड असतो हा विचार, येथे अपुरा पडतो तोही याच कारणाने. दिदेरोच्या नटाला तालमी मिळतात, दुसऱ्याने लिहिलेले शब्द मिळतात. टेबलापाशी बसलेल्या माणसाकडे त्याच्या स्वतःच्या जिभेपलीकडे दुसरे साधन नसते, आणि त्याच्यापुढे बसलेले लोक त्या जिभेला वर्षानुवर्षे ओळखत असतात.

म्हणून अल्पकरिश्मा पात्र हाताळताना एक दुहेरी श्रोतृवर्ग तयार होतो. टेबलाभोवतीचे लोक खेळाडूचे ऐकतात. कल्पित नगरसभा पात्राचे ऐकते. पहिल्या वर्गाला म्हणणे पटलेले असते, दुसऱ्याने ते धुडकावलेले असते, आणि पहिल्या वर्गातला एक जण, सूत्रधार, दुसऱ्या वर्गाच्या वतीने नकार उच्चारतो. पेच निर्माण होतो तो या दोन ऐकण्यांच्या सांध्यावर.

४

या पेचातून सुटण्याच्या दोन वाटा सर्रास वापरल्या जातात. पहिली वाट आकड्याकडे काणाडोळा करण्याची. २००० पासूनच्या आवृत्त्यांत फाशांऐवजी ठरावीक आकड्यांची वाटणी करण्याचीही मुभा आहे. १५, १४, १३, १२, १०, ८ असे सहा आकडे सहा गुणांना वाटायचे. ज्याला तलवार चालवायची आहे तो ८ हा आकडा बहुधा करिश्म्यावर टाकतो आणि पुढे सभेत स्वतःच्या वाक्चातुर्याने वेळ मारून नेतो. यात हिशेबाची लबाडी तर आहेच. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की जो खेळाडू प्रत्यक्षात अबोल आहे आणि ज्याने प्रभावी होण्याचे सुख निदान कल्पनेत मिळावे म्हणून १५ हा आकडा करिश्म्यावर खर्चला, त्याचे तेही सुख या बोलक्या शेजाऱ्याने हिरावून घेतलेले असते. टेबलाबाहेरच्या जगात ज्याचे ऐकले जाते त्याचेच टेबलावरही ऐकले जाते.

दुसरी वाट विडंबनाची. पात्र उर्मट करायचे, घाणेरडे करायचे, ढेकर देणारे, बोबडे किंवा कुरूप करायचे, आणि ते तोंड उघडील तेव्हा हशा पिकवायचा. क्वचित या वाटेला एक हिंस्र फाटाही फुटतो : ‘पात्रच तसे आहे’ या सबबीखाली खेळाडू सोबत्यांचा पाणउतारा करू लागतो. विडंबनाची ही वाट प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात आकड्याची दखल घेतलेली असते. परंतु साधे गणित तिच्या विरोधात जाते. नगरसभेच्या उदाहरणात करिश्मा १० असलेल्या सामान्य माणसाला फाशावर किमान १२ हवेत. म्हणजे शंभरात ४५ वेळा त्याचे ऐकले जाईल. करिश्मा १८ असलेल्या लोकनायकाचे ६५ वेळा. आणि करिश्मा ६ असलेल्या ड्वॉर्फाचे ३५ वेळा. ज्याचे तीनांत एकदा तरी ऐकले जाते तो विदूषक असू शकत नाही. तो आजूबाजूच्या कित्येक माणसांसारखा आहे : बैठकीत त्याने मांडलेला मुद्दा हवेत विरतो आणि घटकाभराने तोच मुद्दा दुसऱ्याने मांडला की माना डोलतात.

या दोन्ही वाटा परस्परविरुद्ध दिसल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. करिश्मा हा बोलणाऱ्याच्या अंगचा गुण आहे, त्याचा अभाव हे त्याच्या अंगचे व्यंग आहे, असे दोघीही धरून चालतात. एक वाट ते व्यंग झाकते, दुसरी ते मिरवते. गृहीतकाची तपासणी कोणीच करीत नाही.

५

ती तपासणी खेळाच्या नियमग्रंथांनीच एके काळी, बहुधा नकळत, करून ठेवली होती. १९७४ च्या नियमांत करिश्म्याचा मुख्य उपयोग किती चाकरमाणसे पदरी राहतील आणि ती किती निष्ठावान असतील हे ठरवण्यासाठी होता : गुणांक ३ असेल तर एकच माणूस, १८ असेल तर बारा. पकडणारी चेटकीण पात्राचे डुक्कर करील की त्याला प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हेही या आकड्यावरून ठरवावे असे तेथे सुचवले होते. दोन्ही ठिकाणी आकडा मोजतो तो दुसऱ्यांचे वर्तन. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ड्वॉर्फ पात्राच्या करिश्म्यातून एक गुण वजा करण्याचा नियम आला; पण त्याला एक बारीक पुरवणी होती : ही वजाबाकी ड्वॉर्फांखेरीज इतरांच्या संदर्भात आहे. ड्वॉर्फांच्या सभेत तोच ड्वॉर्फ पूर्ण गुणांचा. एका ओळीच्या या पुरवणीत एक संपूर्ण समाजशास्त्र दडलेले आहे. माणूस तोच, शब्द तेच, आवाज तोच. श्रोते बदलले की आकडा बदलतो. मग आकडा नेमका कोणाचा?

१९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’ने करिश्मा म्हणजे केवळ रूप ही समजूत खोडून काढताना सीझर आणि नेपोलियन यांच्याबरोबर हिटलरचेही उदाहरण दिले. करिश्म्याचा चांगुलपणाशी काही संबंध नाही, याची याहून स्पष्ट कबुली दुसरी नसेल. १९८५ मध्ये सौंदर्यासाठी सातवा, स्वतंत्र गुण सुचवण्यात आला. तो फारसा टिकला नाही. निर्णायक वळण आले ते २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत. तेथे करिश्म्याची व्याख्या व्यक्तिमत्त्वाचे खरेखुरे आंतरिक सामर्थ्य अशी झाली आणि इतरांना माणूस कसा वाटतो एवढ्यापुरता हा गुण नाही, असे बजावण्यात आले. एका नव्या जातीच्या जादूगाराची मंत्रशक्तीही याच गुणातून उगवू लागली. आणि याच आवृत्तीत ड्वॉर्फाच्या करिश्म्यातून दोन गुण वजा झाले, हाफ-ऑर्क या संकरज जमातीच्या करिश्म्यातूनही दोन. ‘इतरांच्या संदर्भात’ ही पुरवणी मात्र गळाली. संबंध होता तेथे सत्त्व आले. जो श्रोत्यांचा पूर्वग्रह होता तो बोलणाऱ्याचा स्वभाव ठरला. पुढे २००८ च्या चौथ्या आवृत्तीत या वजाबाक्या गेल्या, आणि २०२४ च्या नियमग्रंथात गुणांची वाढ वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. तरीही करिश्मा आतून येतो ही समजूत नियमांतून पुरती गेलेली नाही.

मॅक्स वेबरने ही संज्ञा समाजशास्त्रात आणली तेव्हा त्याला हे अपेक्षित नव्हते. चर्चच्या कायद्याचा इतिहासकार रुडोल्फ झोम याच्याकडून त्याने ती उचलली, आणि झोमच्या मागे होते संत पॉलचे पत्र, ज्यात निरनिराळ्या कृपादाने व्यक्तीला मिळतात ती समुदायाच्या हितासाठी, असे सांगितले आहे. वेबरच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ या ग्रंथात करिश्माधिष्ठित सत्ता टिकते ती अनुयायांच्या मान्यतेवर. ती मान्यता देणे हे अनुयायांना कर्तव्य वाटते, हे खरे. पण पुढाऱ्याला यश येईनासे झाले की मान्यता ओसरते आणि तिच्याबरोबर करिश्माही ओसरतो. अर्थात, करिश्मा पुढाऱ्याच्या छातीत साठवलेला नसतो. तो लोकांच्या नजरेत असतो आणि तेथूनच परत घेतला जातो. अल्पकरिश्मा माणसाच्या बाबतीत हाच विचार उलट बाजूने लावला, तर असे म्हणावे लागते, की त्याच्यापाशी काही कमी आहे असे नव्हे. त्याला काही दिले गेलेले नाही.

६

पाश्चात्त्य साहित्याच्या उगमापाशीच असे एक पात्र उभे आहे. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात थर्सायटीस ग्रीकांच्या सभेत बोलायला उठतो. होमर त्याच्या शब्दांआधी त्याचे शरीर दाखवतो : फेंगडे पाय, एका पायाने अधू, खांदे छातीवर झुकलेले, निमुळते डोके, त्यावर विरळ केस. त्याच्या बापाचे नाव सांगितले जात नाही, गावाचेही नाही. तो अगामेम्नॉनला लोभी म्हणतो, लुटीचा मोठा वाटा तो स्वतःकडे ठेवतो असा आरोप करतो आणि सैन्याला घरी परतायला सांगतो. ओडिसियस राजदंडाने त्याच्या पाठीवर वळ उठवतो; थर्सायटीस रडत खाली बसतो; सैन्य हसते आणि ओडिसियसने आजवर केलेल्या कामांत हे सर्वांत चांगले काम, असे म्हणते.

या प्रसंगाची तीक्ष्णता दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे, थर्सायटीसचे म्हणणे पहिल्या सर्गात अकिलीसने म्हटलेलेच आहे. इतरांनी लढायचे आणि मोठा वाटा अगामेम्नॉनने घ्यायचा, हा आरोप अकिलीसच्या तोंडी भव्य वाटतो. त्याच्या क्रोधातून महाकाव्य उभे राहते. तोच आरोप थर्सायटीसच्या तोंडी शिवीगाळ ठरतो. दुसरी गोष्ट अशी, की हसणारे सैनिक थोड्याच वेळापूर्वी, अगामेम्नॉनने त्यांची परीक्षा पाहण्यासाठी घरी परतण्याची भाषा केली तेव्हा, गलबतांकडे धावत सुटले होते. त्यांच्या मनातलेच तो बोलत होता. ते हसले ते त्याच्या म्हणण्याला नव्हे. ते म्हणणे अशा माणसाच्या तोंडून निघावे, याला हसले.

अर्थात थर्सायटीस निष्पाप नाही. तो बेताल बोलतो, हशा मिळेल असे बोलतो, राजांना डिवचण्यात त्याला रस आहे, असे होमर स्पष्ट सांगतो. त्याला हुतात्मा करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे, की त्याच्या बोलण्याची रीत वाईट होती म्हणून अगामेम्नॉनचा लोभ खोटा ठरतो का? सभेने रीतीचा निकाल दिला आणि आशयाचाही निकाल लागला असे मानून ती उठली.

ॲरिस्टॉटलने या फसगतीचे निदान ‘वक्तृत्वशास्त्रा’त केले आहे. वक्त्याविषयीचा विश्वास हे मन वळवण्याचे एक प्रभावी साधन आहे, हे तो मान्य करतो. पण तो विश्वास भाषणातूनच उपजायला हवा, वक्त्याविषयी आधीच असलेल्या मतातून नव्हे, अशी अट घालतो. तिसऱ्या भागात बोलण्याच्या ढंगाचा विचार करताना तो आणखी पुढे जातो : ढंगाला एवढे महत्त्व येते ते श्रोत्याच्या सदोषतेमुळे. खेळातला करिश्म्याचा आकडा म्हणजे, ॲरिस्टॉटलच्या भाषेत, भाषणाच्या आधीच तयार असलेले मत. ड्वॉर्फ तोंड उघडण्यापूर्वीच दोन वजा झालेले आहेत. ते दोन कोणाचे, हे निदानातच सांगितलेले आहे.

७

एवढे मान्य केले की पात्र हाताळण्याची तिसरी वाट दिसू लागते. तीत आशय खेळाडूचा राहतो आणि स्वीकार फाशाचा. खेळाडूने जे सांगितले ते सांगितले गेले. ते पुसायचे नाही, बोबडे करायचे नाही. फासा कमी पडला याचा अर्थ ड्वॉर्फ मूर्खासारखा बोलला असा लावायचा नाही. तो नीट बोलला, आणि सभेने ऐकले नाही. का ऐकले नाही, हे सांगण्याची जबाबदारी सूत्रधारावर येते, आणि ते कारण त्याने श्रोत्यांमध्ये शोधायचे असते. सभेचा प्रमुख त्या वेळी दुसऱ्या कागदावर सही करीत होता. एका सदस्याला ड्वॉर्फाचे उच्चार समजत नव्हते आणि पुन्हा विचारण्याचा त्याला संकोच वाटला. तिसऱ्याच्या आजोबांनी ते धरण बांधले होते. चौथ्याला पटले होते, पण पहिल्याने मान हलवली नाही म्हणून तोही गप्प राहिला. या प्रत्येक कारणातून कथा पुढे सरकते. ‘तू ढेकर दिलीस’ या कारणातून ती सरकत नाही. २०१४ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मधील संभाषणाचे नियम या वाटेला पोषक आहेत : श्रोत्याची वृत्ती आधी ठरवायची, संभाषणातील मुद्द्यांनी ती बदलू द्यायची, आणि फासा अखेरीस टाकायचा. म्हणजे उत्तम मुद्द्याचे मोल फाशाच्या आधीच चुकते केले जाते.

मिरांडा फ्रिकर हिने २००७ मध्ये ‘ज्ञानविषयक अन्याय’ या ग्रंथात ज्याला साक्षीबाबतचा अन्याय म्हटले, त्याची ही टेबलावरची प्रतिकृती आहे. श्रोत्याच्या पूर्वग्रहामुळे वक्त्याच्या शब्दाला मिळायला हवी त्याहून कमी विश्वासार्हता मिळाली, की वक्त्यावर जाणता माणूस म्हणूनच अन्याय होतो, असे तिचे प्रतिपादन आहे. फ्रिकरचा मुख्य रोख वंश, लिंग, वर्ग अशा सामाजिक ओळखींना चिकटलेल्या पूर्वग्रहांवर आहे. निव्वळ निष्प्रभ असणे ही तशी ओळख नव्हे, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तथापि ड्वॉर्फाची वजाबाकी वंशामुळेच झाली होती, आणि निष्प्रभ माणसाच्या अनुभवाची घडण त्याहून फार वेगळी नसते. दोघांनाही कळते, की त्यांचे म्हणणे खोडून काढले गेलेले नाही. ते विचारातच घेतले गेलेले नाही.

८

या वाटेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की खेळ हा करमणुकीसाठी असतो आणि विनोदी पात्राला त्यात जागा हवी. ती आहेच. परंतु विनोदी असणे आणि हास्यास्पद केले जाणे यांत फरक आहे. पहिल्यात पात्र हसवते, दुसऱ्यात ते हसण्याचे निमित्त होते. कोणाच्या हातात हशाची दोरी आहे, एवढे पाहिले तरी पुरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही माणसे ऐकली जात नाहीत ती स्वतःच्या दोषाने : तुसडेपणाने, अहंकाराने, समोरच्याकडे लक्ष न देण्याने. ज्याने कधी कोणाचे ऐकले नाही, त्याचे ऐकणे हे इतरांचे कर्तव्य कसे? हे खरे आहे, आणि अशा दोषांचे पात्रही रंगवता येते. मात्र तेव्हा रंगवला जातो तो दोष, करिश्म्याचा आकडा नव्हे. तुसडा माणूस करिश्मा १८ घेऊनही वावरतो. अशांची उदाहरणे नियमग्रंथानेच दिली आहेत. दोष आणि निष्प्रभता यांची सांगड घालण्याची सवय सोयीची असते, कारण ती श्रोत्याला निर्दोष ठरवते.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो : ज्याचे ऐकले जात नाही तोच खरा, अशी एक हळवी समजूत या वाटेने बळावेल. अपोलोच्या शापामुळे कोणीही विश्वास न ठेवलेली कॅसँड्रा खरे बोलत होती. पण विश्वास न मिळालेला प्रत्येक जण कॅसँड्रा नसतो. हा इशारा रास्त आहे. ड्वॉर्फ चुकीचाही असू शकला असता. गढूळ पाणी वरच्या पावसाचेही असू शकते. म्हणून श्रोत्याने जे द्यायचे ते संमती नव्हे. त्याने द्यायचे ते तपासणे. धरणावर माणूस पाठवून पाणी पाहून येणे, एवढेच सभेवर बंधनकारक होते, आणि तेवढ्यासाठी ड्वॉर्फ आवडण्याची गरज नव्हती.

येथे खेळ वाङ्मयाहून वेगळे असे काही देतो. ‘इलियड’चा वाचक थर्सायटीसवरच्या अन्यायाचा साक्षी असतो, पण सैन्य हसते त्यात त्याचा हात नसतो. टेबलाभोवतीच्या माणसांचा असतो. ड्वॉर्फाचे म्हणणे त्यांना पटले होते आणि तरी फासा पडताच त्यांच्यापैकीच एकाने सभेचा नकार उच्चारला. आता त्यांच्या पात्रांपुढे प्रश्न आहे. त्यांच्यात कोणी करिश्मा १६ असलेली व्यक्ती असेल, तर ती उठून तेच म्हणणे स्वतःच्या तोंडून मांडू शकते. सभा कदाचित ऐकेल, गाव वाचेल, आणि श्रेय तिच्या नावावर जमा होईल. बहुतेक टेबलांवर हेच होते व त्याला युक्ती म्हटले जाते. पण ती उठून असेही म्हणू शकते, की आत्ता जे बोलले गेले ते पुन्हा ऐका, आणि बाजूला होऊ शकते. पहिल्या मार्गात धरण वाचते. दुसऱ्यात धरण वाचण्याची शक्यता थोडी कमी असते, कारण फासा पुन्हा ड्वॉर्फालाच टाकावा लागतो आणि दोन पुन्हा वजा होतात.

यांतला कोणता मार्ग घ्यावा, हे नियमग्रंथ सांगत नाही, आणि गावात माणसे राहत असताना दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरणे ही चैन ठरू शकते. परंतु पहिला मार्ग घेणाऱ्याने सभेतून बाहेर पडल्यावर, दुरुस्तीची माणसे निवडली जात असताना, पाणी गढूळ आहे हे कोणी पाहिले होते ते सांगायला हवे. ते सांगायला फासा लागत नाही.